चालू आहे, तयार नाही

पहाटे ५.१०

जाग पावसाने आली नाही, निरोप न आल्याने आली. रोज पहाटे पाचला पतसंस्थेचा सर्व्हर माझ्या मोबाइलवर एक ओळ पाठवतो: बॅकअप झाला, डिस्कवर इतकी जागा उरली, सगळं ठीक. गेल्या सहा वर्षांत ही ओळ मी क्वचितच वाचली असेल. टुण् असं वाजलं की कूस बदलायची आणि आणखी अर्धा तास झोपायचं. आज वाजलंच नाही. बाहेर मृगाचा पाऊस कौलांवर कोसळत होता. आमच्या नाचण्यातली लाईट रात्री साडेअकराला गेली आणि चारला आली, हे इन्व्हर्टरच्या आवाजावरून झोपेतच कळलं होतं. म्हणजे तिकडे जयस्तंभाला, पतसंस्थेतही तेच झालं असणार.

सासूबाई स्वयंपाकघरात होत्या. आमच्या घरात सगळ्यांच्या आधी त्याच उठतात. गॅस, पाणी, दूध, देवाचा दिवा, मग एकेकाला हाका.

"एवढ्या पहाटे कुठे?"

"सर्व्हर उठला नाहीये."

"कोणीतरी उठवल्याशिवाय कोण उठतंय," असं म्हणून त्यांनी कप माझ्यापुढे सरकवला.

६.०५

मारुती मंदिराच्या सर्कलवरून गाडी जयस्तंभाकडे घेतली. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत समुद्रातली मासेमारी बंद, त्यामुळे मिरकरवाड्याकडून येणारी सकाळची लगबग नाही. रस्ता मोकळा, पाणी मात्र दोन्ही बाजूंनी वाहतं. रेनकोटाच्या आत कोरडा स्क्रू-ड्रायव्हर, टॉर्च, एक पेनड्राइव्ह. सोमवार. दहाला काउंटर उघडतं, त्याआधी साडेनवाला पिग्मी एजंटांची रांग लागते; शनिवारपासूनच्या वसुलीचे आकडे त्यांना मशीनमधून उतरवायचे असतात.

६.२५

शिपाईकाका शटर अर्धं वर करून खाली वाकले होते. "ताई, मशीन गप आहे."

सर्व्हरची खोली म्हणजे पूर्वीची दप्तरखोली. रत्नागिरीच्या पावसाळ्यात पापड मऊ पडतात, चपलांना बुरशी येते. यंत्रांनी वेगळं का वागावं? कपड्यांच्या कपाटात लावतात तसा एक बल्ब आम्ही रॅकच्या तळाशी पावसाळाभर पेटता ठेवतो. एसीच्या खोलीत बल्ब पाहून बाहेरून आलेले इंजिनियर हसतात. हसू देत.

लाईट जाऊन परत आल्यावर काय करायचं, याचे तीन पर्याय सर्व्हरच्या फर्मवेअरमध्ये असतात: आपोआप चालू व्हायचं, आधी जसं होतं तसं व्हायचं, किंवा बंदच राहायचं. पुस्तकी सल्ला पहिल्याचा. पण आमच्याकडे जूनमध्ये लाईट एकदा येत नाही. येते, डोळा मिचकावते, जाते, पाच मिनिटांनी परत येते. तेवढ्यात सर्व्हर अर्धवट उठलेला असतो आणि पुन्हा आपटतो. यूपीएसने आधार द्यावा, पण त्याच्या बॅटऱ्या म्हाताऱ्या झाल्यात. वीस मिनिटांचा वायदा होता, काल किती टिकल्या ते देव जाणे. म्हणून मी 'बंदच राहा' हा पर्याय लावून ठेवलाय आणि पावसाळ्यातली पहाट स्वतःच्या अंगावर घेतलीय.

६.३०

बटण दाबलं. पंखे एकदम भरधाव सुटले आणि मग हळूहळू खालच्या सुरात आले.

या क्षणी प्रोसेसरला कशाचाच पत्ता नसतो. डिस्क कुठे आहे, पडदा कुठे आहे, काही नाही. एकच जागा त्याला जन्मतः पाठ असते: चार जीबीच्या हद्दीच्या सोळा बाइट अलीकडची. तिथे जे लिहिलेलं सापडेल ते करायचं. तिथे मदरबोर्डवरच्या चिपमधलं फर्मवेअर उभं असतं. ते मेमरी तपासतं, जोडलेली यंत्रं मोजतं आणि डिस्कवरच्या बूटलोडरला हाक मारतं. मध्येच पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी आल्या, घड्याळाबद्दल काहीतरी, आणि खाली 'पुढे जायला एफ-वन दाबा'. मी दाबलं. वाचलं नाही. ही आजची माझी पहिली चूक; तिची किंमत तासाभराने कळली.

बूटलोडर म्हणजे आमच्याकडचा ग्रब. तो लिनक्सचा कर्नल उचलून मेमरीत आणतो आणि सोबत एक छोटं गाठोडं आणतो. हे गाठोडं मला नेहमी आवडत आलंय. कर्नलला डिस्क वाचायची तर त्या डिस्कचा ड्रायव्हर हवा, आणि ड्रायव्हर तर त्याच डिस्कवर पडलेला. किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप. म्हणून इनिटरामएफएस नावाचं हे गाठोडं, शेजाऱ्यांकडे ठेवलेल्या जादा किल्लीसारखं. त्यात कुलूप उघडण्यापुरते ड्रायव्हर असतात. खरी डिस्क उघडली की गाठोड्याचं काम संपलं.

मग कर्नल एक, फक्त एक प्रोग्रॅम स्वतःच्या हाताने सुरू करतो. त्याचा क्रमांक १. ठरलेल्या चार ठिकाणी तो शोधतो. कुठेच सापडला नाही तर कर्नल हात टेकतो आणि मशीन तिथेच थिजतं. पुढचे सगळे प्रोग्रॅम या एकाच्या हाकेने किंवा त्याच्या मुलानातवंडांच्या हाकेने उठतात. कोणाचा आईबाप प्रोग्रॅम मध्येच मेला तर पोरकं झालेलं पोर सहसा याच्याच पदरात येतं. आणि हा स्वतः मेला तर सगळं घर कोसळतं. सासूबाईंना मी हे एकदा समजावलं होतं. त्या म्हणाल्या, यात नवीन काय?

६.५०

पडद्यावर हिरव्या 'ओके'ची सरसर रांग आली आणि अचानक थांबली. एक लाल चांदणी डावीकडून उजवीकडे आणि परत फिरू लागली. बाजूला ओळ: एका डिस्कची वाट पाहतोय, मर्यादा एक मिनिट तीस सेकंद.

दीड मिनिट म्हणजे किती, ते या चांदणीपुढे उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

मी हे काम शिकले तेव्हा असली वाट सगळेच पाहायचे. युनिक्सच्या सिस्टिम फाइव्ह घराण्यातली पद्धत होती: प्रत्येक सर्व्हिससाठी एक स्क्रिप्ट, तिच्या नावात एक आकडा. दहा नंबरवाली आधी, पंचावन्नवाली नंतर, एकामागून एक. एक अडली की मागची सगळी रांग उभी. ॲपलने २००५ साली लाँचडी आणून रांग मोडली, उबुंटूने २००६ साली अपस्टार्ट आणला. आणि एप्रिल २०१० मध्ये लेनार्ट पॉटरिंगने क्रमांक १ या प्रोग्रॅमचाच नव्याने विचार मांडणारा लांबलचक लेख लिहिला. के सीव्हर्सच्या जोडीने बांधलेल्या त्या नव्या प्रोग्रॅमचं नाव सिस्टिमडी. २०११ मध्ये फेडोरा १५ ने तो घेतला, २०१४ मध्ये रेड हॅटच्या सातव्या आवृत्तीने. डेबियनवाल्यांच्या तांत्रिक समितीत त्याच वर्षी यावरून मतं समसमान पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने सिस्टिमडी आला. नाराज मंडळींनी देव्हुआन नावाचं वेगळं बिऱ्हाड थाटलं. भाऊबंदकी आपल्याकडेच असते असं नाही.

मीही तेव्हा कुरकुरले होते. हाताला जुनी आज्ञा बसलेली. शिवाय नोंदवही साध्या अक्षरांत न ठेवता स्वतःच्या सांकेतिक साच्यात ठेवायची, हे मला अजूनही पटलेलं नाही. पण त्यातली एक युक्ती मला तेव्हाच भावली. दोन प्रोग्रॅम एकमेकांशी बोलतात ते सॉकेट नावाच्या खिडकीतून. जुन्या पद्धतीत खिडकीमागचा माणूस येईपर्यंत बाकीच्यांना सुरूच करायचं नाही. सिस्टिमडी म्हणतो, खिडक्या मी आधीच उघडून ठेवतो. टपालपेटी आधी लावली की पोस्टमन मागाहून आला तरी पत्रं पेटीत थांबतात. टाकणाऱ्याला खोळंबावं लागत नाही. त्यामुळे सगळे एकदमच उठू शकतात.

अर्थात सगळ्यांनीच खिडकीचा हा रिवाज पाळला तर.

६.५२

दीड मिनिट संपलं. पाठोपाठ 'अवलंबून असलेलं काम फसलं' अशा ओळी, आणि शेवटी: तुम्ही एमर्जन्सी मोडमध्ये आहात, देखभालीसाठी रूटचा पासवर्ड द्या.

काकांनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

न येणारी डिस्क कोणती, ते वाचलं आणि कपाळावर हात मारला. मागच्या आठवड्यात बॅकअपसाठी मी एक बाहेरची डिस्क जोडली होती. तिचा अडॅप्टर वेगळा, भिंतीतल्या साध्या प्लगमध्ये, यूपीएसवर नाही. रात्रीच्या झटक्यात तो जळला. हुंगल्यावर वासच आला. डिस्क नसणं हे मोठं संकट नव्हे, बॅकअप दुसरीकडेही जातो. पण कुठल्या डिस्का कुठे जोडायच्या त्या यादीत तिची ओळ लिहिताना मी 'नोफेल' हा एक शब्द विसरले होते. तो शब्द नसला की सिस्टिमडी असं धरतो की ही डिस्क आल्याशिवाय डिस्कांचं खातं पुरं झालं नाही, आणि ते पुरं नाही तर पुढे जाण्यात अर्थ नाही. विड्याच्या सुपाऱ्या आल्या नाहीत म्हणून लग्न थांबवल्यासारखं. पण दोष भटजींचा नाही. यादीत सुपारी 'अत्यावश्यक' म्हणून मीच लिहिली होती.

एमर्जन्सी मोड म्हणजे घर बंद, पण मागच्या दाराने एकाला आत घेणं. नेट नाही, सर्व्हिसेस नाहीत, फक्त एक काळी खिडकी आणि की-बोर्ड. ओळीत 'नोफेल' घातलं, आणि वाट पाहायची तर दहाच सेकंद, असंही लिहिलं. पुन्हा सुरू.

७.०५

या वेळी सगळे हिरवे. डिस्कसाठी न अडता सरळ पुढे. लॉगिनची ओळ आली. "झालं काका, चहा सांगा," मी म्हणाले आणि काका छत्री घेऊन गेले.

सवयीने पडलेल्या सर्व्हिसेसची यादी मागवली. रिकामी यायला हवी होती. एक लाल ठिपका. नेमका तोच: पतसंस्थेचं मुख्य सॉफ्टवेअर.

बाजूला लिहिलेलं कारण असं, की सुरू करण्याची विनंती फार लवकर लवकर आली. हे वाक्य नवख्या माणसाला वेड लावतं. घडलं होतं ते असं. रात्री सर्व्हर अचानक आपटला, त्यामुळे डेटाबेस उठल्यावर आधी आपली रोजकीर्द काढून बसला. शेवटचे कोणते व्यवहार नोंदले गेले, कोणते अर्धे राहिले, हे त्याला ओळीने लावून घ्यायचं असतं. तो चालू होता, पण दार उघडत नव्हता. इकडे मुख्य सॉफ्टवेअर त्याच्या दाराशी गेलं. उत्तर मिळालं, मी अजून उठतोय. सॉफ्टवेअर त्या उत्तराने रुसून मेलं. सिस्टिमडीने सेकंदाच्या दहाव्या भागात त्याला पुन्हा उठवलं. पुन्हा तेच उत्तर, पुन्हा मरण. दहा सेकंदांत पाच वेळा असं झालं की सिस्टिमडी हात झटकतो. आणि तेच बरोबर आहे. नाहीतर दिवसभर तेच चाललं असतं. डेटाबेसला हवे होते फार तर वीस सेकंद. त्याच्या हिशेबात ते पुष्कळ होते. सॉफ्टवेअरची पाच मरणं मात्र पहिल्या दोनतीन सेकंदांतच उरकली होती.

सॉफ्टवेअर देणाऱ्यांनी डेटाबेसची जी फाइल लिहून दिली होती, तिच्यात प्रकार लिहिला होता 'सिंपल'. सिंपल म्हणजे प्रोग्रॅम सोडला की सिस्टिमडी समजतो, झाला सुरू. दुसरा प्रकार आहे 'नोटिफाय'. त्यात प्रोग्रॅमने स्वतः तोंडाने सांगायचं असतं, मी तयार आहे. तोवर पुढच्यांना थांबवून ठेवतात. आमचा डेटाबेस पोस्टग्रेस, त्याला हे सांगता येतं. कोणी विचारलंच नव्हतं. गेली सहा वर्षं हे खपून गेलं, कारण सहा वर्षांत डेटाबेस दर वेळी रीतसर झोपला होता आणि चटकन उठत होता.

७.४०

का मेलं ते कळलं, पण नोंदी वाचताना डाव्या कडेकडे लक्ष गेलं. प्रत्येक ओळीच्या आधी तारीख असते. महिना चुकीचा. वर्षही चुकीचं. तीन वर्षांपूर्वीचा मे.

काका चहा घेऊन आले आणि मी भिंतीवरचं कालनिर्णय पाहत उभी होते. "काय ताई, एकादशी बघताय?"

सर्व्हरच्या मदरबोर्डवर नाण्याएवढी एक बॅटरी असते. सर्व्हर बंद असताना घड्याळ चालवणं हे तिचं काम. पण मुख्य प्लगला वीज असेतो बंद सर्व्हरचं घड्याळही त्या विजेवरच चालतं. त्यामुळे बॅटरी कधी मेली हे कळतच नाही. कदाचित वर्षभरापूर्वीच मेली असेल. काल रात्री पहिल्यांदाच वीज इतके तास पुरती तुटली आणि घड्याळ जिथून सुरू झालं होतं तिथे मागे गेलं. एफ-वन दाबून मी जे पुढे ढकललं ते हेच.

मग तीन वर्षांपूर्वीचा मे कुठून आला? घड्याळ तर आणखी मागचं वर्ष दाखवत असणार. ही सिस्टिमडीची करामत. उठताना तो घड्याळ बघतो आणि स्वतःची बांधणी ज्या दिवशी झाली त्याआधीची तारीख दिसली तर मनाशी म्हणतो, आज कोणता दिवस ते मला ठाऊक नाही, पण माझ्या जन्माआधीचा नक्कीच नाही. आणि घड्याळ ओढून स्वतःच्या जन्मतारखेवर आणतो. गावाकडे म्हातारी माणसं वय सांगताना असंच कुठल्यातरी पुराला नाहीतर लग्नाला टेकवून सांगतात.

अशा तारखेवर सॉफ्टवेअर सुरू झालं असतं तर? पतसंस्थेत रोज सकाळी आधी डे-बिगिन होतं, दिवस उघडतो. त्या तारखेवर व्याज मोजलं जातं, हप्ते थकीत ठरतात. ते मेलं होतं हे आमचं नशीब. जो लाल ठिपका पाहून मी वैतागले, त्यानेच वाचवलं.

नेटची लाईन रात्रीपासून बंद, म्हणून घड्याळ बाहेरच्या घड्याळांशी जुळवून घेणारी क्रोनी नावाची सर्व्हिस जागी राहून नुसतीच बसली होती. तिच्यापुढे हिरवं 'ओके' होतं! चालू होती, यात खोटं काही नाही. घड्याळ मात्र जुळलेलं नव्हतं. आधी डेटाबेस रीतसर थांबवला. मग मोबाइल तारेने सर्व्हरला जोडून त्याचं नेट दिलं. अर्ध्या मिनिटात तारीख उडी मारून आजवर आली.

८.३०

मॅनेजर साहेब छत्री झटकत आले. त्यांना थोडक्यात सांगितलं. "ते मागे विमानतळांवर झालं होतं, तसलं काही नाही ना?"

१९ जुलै २०२४ चं ते प्रकरण सगळ्यांच्या लक्षात आहे. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा प्रोग्रॅमचा एक भाग विंडोज उठता उठताच कर्नलमध्ये शिरतो. चोर येण्याआधी पहारेकरी हवा, म्हणून. त्या दिवशी त्याला आलेल्या एका सदोष फाइलने तो कोसळला आणि सोबत विंडोजही. परत उठावं तर पहारेकरी पुन्हा सर्वांत आधी, पुन्हा कोसळणं. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख यंत्रं. आपल्याकडेही विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. कित्येक ठिकाणी माणसाने प्रत्यक्ष यंत्रापुढे बसून, सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल उडवायची, हाच उपाय होता. जो जितका आधी उठतो, त्याची चूक तितकी महाग.

"तसलं नाही," मी म्हटलं. "पण एक विचारायचंय." घड्याळ जुळल्याशिवाय डेटाबेस उठूच नये, अशी गाठ मला बांधायची होती. सिस्टिमडीत दोन वेगळ्या गाठी असतात. 'आफ्टर' म्हणजे नुसता क्रम: पाहुण्यांनंतर जेवायचं. 'रिक्वायर्स' म्हणजे गरज: पाहुण्यांशिवाय जेवायचंच नाही. क्रम लिहिला आणि गरज लिहायची राहिली, की पाहुणे न येताही पानं वाढली जातात, उलटही होतं. मला दोन्ही हव्या होत्या. पण याचा अर्थ, नेट नसलेल्या सकाळी काउंटर उघडणार नाही.

साहेबांनी चष्मा पुसला. "चुकीच्या तारखेच्या पावतीपेक्षा बंद काउंटर बरं. बांधा गाठ."

क्रोनीसोबत घड्याळ खरोखर जुळेपर्यंत थांबणारी एक छोटी सर्व्हिस येते. आमच्याकडे ती बंदच होती. ती चालू केली, डेटाबेस तिच्यामागे दोन्ही गाठींनी बांधला, त्याचा प्रकार 'नोटिफाय' केला. मुख्य सॉफ्टवेअरला सांगितलं, मेलास तर पाच सेकंद श्वास घे, मग उठ.

९.५०

पिग्मीवाले आले, मशिनी लागल्या, आकडे उतरले. दहाला काउंटर. पहिले आजोबा पासबुक घेऊन आले आणि पावसाबद्दल तक्रार करू लागले. सर्व्हरबद्दल कोणी काही बोललं नाही.

१२.१५

पडद्यामागे चालणाऱ्या या सर्व्हिसेसना युनिक्सच्या जगात डेमन म्हणतात. सिस्टिमडी, लाँचडी यांच्या शेपटीचा 'डी' तोच. हा शब्द १९६३ च्या सुमारास एमआयटीत रुजला, मॅक्सवेलच्या भौतिकशास्त्रातल्या त्या कल्पित प्राण्यावरून, जो दाराशी बसून न थकता रेणू निवडत राहतो. भूत असं भाषांतर मी ऐकलंय. मला पटत नाही. कोकणात याला नेमका शब्द आहे: राखणदार. वाडीच्या कडेला असतो, दिसत नाही, बोलत नाही, रात्री फिरतो. त्याने काम नीट केलं तर तो आहे हेही विसरायला होतं. वर्षाचा नारळ चुकला की मग कळतं. काल रात्री या खोलीत साठेक राखणदार एकदम गेले होते.

१.३०

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी महिनाभर माझ्या हाताखाली शिकायला आलीय. डबा खाताना तिने लॅपटॉप पुढे केला. सर्व्हर उठताना कोणाला किती वेळ लागला, याची यादी सिस्टिमडी काढून देतो, जास्तीत जास्त वेळवाला सर्वांत वर. "मॅडम, हा बघा, याने अठरा सेकंद खाल्ले. याला काढून टाकू या."

"तो कोणाला अडवत होता का?"

तिला प्रश्न कळला नाही. मी तिला पंगतीचं सांगितलं. लग्नघरी बासुंदी सकाळपासून आटत असते. सगळ्यांत जास्त वेळ तिलाच लागतो. म्हणून पंगत तिच्यामुळे अडते का? ती कोपऱ्यात आटत असते, बाकी कामं चालू असतात. पंगत अडते ती केळीची पानं आणायला गेलेला पोरगा आला नाही म्हणून, आणि पानं पुसायला मिनिटंच लागतात. कोणाला किती वेळ लागला ही एक यादी. कोण कोणाची वाट पाहत होतं, ही दुसरी. ती दुसरी यादीही सिस्टिमडी देतो, क्रिटिकल चेन नावाने. तिने ती काढली. अठरा सेकंदवाला तिच्यात नव्हताच.

ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग तिने माझ्या डब्यातली फणसाची भाजी घेतली.

३.४०

पावसच्या शाखेतून फोन. काउंटरवरचा संगणक सकाळपासून विचित्र वागतोय, प्रिंटर दिसत नाही. "ताई, तीनदा बंद करून चालू केला, तरी तेच."

"बंद नका करू. रिस्टार्ट करा."

"तेच ना ते?"

तेच नाही. २०१२ च्या विंडोज ८ पासून 'शट डाउन' म्हटलं की बहुतेक संगणक पुरते झोपतच नाहीत. तुमची उघडी कामं बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर आहेत त्या अवस्थेत डिस्कवर गुंडाळून ठेवतात. सकाळी गुंडाळी उलगडली की झालं, लवकर उठल्यासारखं वाटतं. बिघाड गुंडाळीत असेल तर तोही रोज ताजा उलगडतो. रिस्टार्टमध्ये मात्र सगळं मुळापासून. पाच मिनिटांनी फोन परत आला. प्रिंटर सापडला होता, आणि मी काहीतरी लांबूनच केलं, असा त्यांचा ठाम समज होता. मी तो दूर केला नाही.

५.४५

काउंटर बंद, डे-एंड झालं. राम आळीतल्या घड्याळवाल्याकडून ती नाण्याएवढी बॅटरी आणली होती. त्याने विचारलं, मोटारीच्या रिमोटला का? सर्व्हर बंद केला. बंद होताना पाहायला मला उठतानापेक्षा जास्त आवडतं. उठण्याच्या ज्या गाठी, त्याच उलट्या सुटतात: आधी सॉफ्टवेअर, मग डेटाबेस, शेवटी डिस्का, आणि अगदी शेवटी तो क्रमांक १. घरातही शेवटचा दिवा सासूबाईच मालवतात.

झाकण काढलं, बॅटरी बदलली, तारीख भरली. मग मुद्दाम नेटची तार काढली. जळक्या अडॅप्टरची डिस्क तशीही नाहीच. सकाळच्यापेक्षा वाईट सकाळ करून पाहायची होती.

बटण. पंखे. या वेळी प्रत्येक ओळ वाचली. डिस्कपाशी न अडता पुढे. घड्याळापाशी चांदणी फिरू लागली आणि फिरतच राहिली. तीन मिनिटांनी थांबणारी सर्व्हिस हरली, डेटाबेस उठलाच नाही, सॉफ्टवेअरही नाही. लाल ठिपका दिसला, आणि मला हायसं वाटलं. मुलगी म्हणाली, "मॅडम, फेल झालं तरी हसताय?"

तार लावली, पुन्हा सुरू केला.

काकांनी शटर ओढायची सळई हातात घेतली होती. पाऊस पुन्हा धरला होता आणि त्यांना शेवटची एसटी गाठायची होती. पडद्यावर लॉगिनची ओळ आली तशी ते पुढे झाले.

"झालं ना ताई?"

"चालू झालाय," मी म्हटलं. "तयार व्हायचाय अजून. बसा दोन मिनिटं."

काकांनी सळई भिंतीला टेकवली आणि स्टूल ओढून घेतलं.